एकतीस नंबर पुकारायचा राहिला

इर्मा सोकोल एरवी सरळ नाकासमोर चालणारी बाई, पण टोपली हातात आली की भल्याभल्यांना दरडावायची. आमच्या टोलेडो गावच्या ‘ग्लेझर्स’ या बास्केटबॉल टीमचे कपडे धुणं हे तिचं काम. मॅच संपली की खेळाडूंच्या खोलीच्या दारात ती वेताची भलीमोठी टोपली घेऊन उभी राहायची आणि एकेक नंबर पुकारायची. ज्याचा नंबर येईल त्यानं घामाचा शर्ट टोपलीत टाकायचा आणि मगच घरी जायचं. नंबर पुकारल्याशिवाय कुणी हलायचं नाही, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

“मिस इर्मा, बायको खाली गाडीत ताटकळलीय हो!”

“ताटकळू दे. लग्न करताना दिसत नव्हतं का तिला, कसला घामट माणूस पदरात पडतोय ते? थांब तिथंच.”

नवरा काचेच्या कारखान्यातल्या अपघातात वारल्यापासून घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तिला घाई नसायची आणि दुसऱ्यांच्या घाईची तिला दयाही येत नसे.

एकतीस नंबर म्हणजे डेल्रॉय पिकेट. तो डॉर स्ट्रीटचा, म्हणजे गावातलाच पोरगा. बाकीचे खेळाडू कुठून कुठून विकत आणलेले, हा मात्र हॉलवरून चालत घरी जायचा. जानेवारीतल्या एका रविवारी, भर दुपारी, भरल्या हॉलसमोर तो बॉल घेऊन पळत असताना खाली पडला आणि उठलाच नाही. हृदयाचं दुखणं होतं म्हणे, कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दारात टोपली आलीच नाही. नंबर पुकारायचं भान कुणाला होतं?

पुढच्या मॅचला इर्मानं पुन्हा टोपली घेतली. तीस म्हणाली आणि टोपली या हातातून त्या हातात घेतली. मग ती एकदम बत्तीस म्हणाली. 

नंतर टीमनं रीतसर जाहीर केलं की एकतीस नंबर आता कुणालाच द्यायचा नाही. हॉलच्या छताला त्या नंबरचं मोठं कापड टांगलं. आतल्या खोलीत डेल्रॉयचा कप्पा तसाच ठेवला, त्यात नवा शर्ट अडकवला. आणि कुणी न सांगता एक रीतच पडली की हॉलमध्ये तो आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. टीमचे एकतीस गुण झाले की निवेदकसुद्धा आकडा गिळायचा आणि लोक टोप्या काढायचे. एवढा मान आमच्या गावानं महापौरालाही कधी दिला नाही.

त्याच हिवाळ्यात एकदा मॅच संपल्यावर खोली आवरताना इर्माचा हात त्या कप्प्यातल्या शर्टाला लागला. शर्ट ओला होता. तिनं नाकाशी नेला. ताज्या घामाचा वास आला. पण हातांना सवय होती. तिनं तो बाकीच्यांबरोबर धुतला, वाळवला आणि परत अडकवला. पुढच्या मॅचनंतर तो पुन्हा ओला. छत गळतंय का, ते तिनं शिडी लावून पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? सामानाचा प्रमुख गस, त्याला सांगितलं असतं तर त्यानं आधी तिच्या तोंडाचा वास घेतला असता. मग वर्षानुवर्षं ती तो शर्ट धूत राहिली. भीती केव्हाच गेली आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा लळा लागला. बाकीच्यांच्या शर्टांना ती साधी पावडर लावायची, त्याच्या शर्टाला स्वतःच्या पैशानं आणलेला चांगला साबण.

आणि मग टीमच गाव सोडून निघाली. मालक हॅलब्रुक यांना गावाच्या पैशानं नवा हॉल हवा होता. गावानं हात वर केले आणि मालकांनी टीम उचलून थेट ॲरिझोनात, टूसॉनला नेली. नावही घेऊन गेले. काचेचे कारखाने आमच्याकडे, आणि ग्लेझर्स, म्हणजे काच बसवणारे, तिकडे वाळवंटात! लोकांनी रस्त्यावर येऊन मालकांना लाखोली वाहिली, म्हातारे बापे ढसाढसा रडले, पण ट्रक काही थांबले नाहीत. खेळायची लाकडी जमीन तुकडे सुटे होऊन गेली. रिंगा गेल्या. छताचं कापडही घडी होऊन गेलं.

इर्माला वाटलं, जिथं टीम तिथं तो. त्याचा शर्ट धुणार कोण? तिनंही बाडबिस्तरा आवरला. निघण्याआधी ती डेल्रॉयच्या आईला, ऑर्लीन पिकेटना भेटायला गेली. त्या बाईनं त्या रविवारनंतर हॉलमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

“मला एवढंच ठाऊक आहे इर्मा,” ऑर्लीनबाई म्हणाल्या, “पोरगं मॅचला म्हणून गेलं आणि घरी आलं नाही. लोक म्हणतात, केवढा मान दिला टीमनं. मान घेऊन काय करू? जेवायला वाढू का त्याला?”



टूसॉनला नवा हॉल झकपक होता. डेल्रॉयचा शर्ट काचेच्या कपाटात लावला, वर दिवासुद्धा. पहिली मॅच संपली तशी इर्मानं घाईघाईनं कपाट उघडलं. शर्ट कोरडा होता. दुसऱ्या मॅचला कोरडा, तिसऱ्यालाही कोरडा. नुसता साबणाचा वास. रस्ता चुकला असेल, येईल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण हिवाळा सरत आला तरी शर्ट कोरडाच.

फेब्रुवारीत एका दुपारच्या मॅचनंतर ती टोपली घेऊन निघून गेली, मशिनं लावली, कॉफी प्यायली. मग राहिलेला रुमाल आणायला परत खोलीत गेली, तर अंधाऱ्या खोलीत बाकावर कुणीतरी बसलेलं. ओला शर्ट अंगात, हात गुडघ्यांवर. इर्माची किंकाळीच निघाली.

“मी आहे, मी!” त्याच आठवड्यात आलेला नवा खेळाडू दचकून उभा राहिला. “तुम्ही माझा नंबर पुकारलाच नाहीत, बाई. पुकारल्याशिवाय जायचं नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हणून बसलोय.”

मागून आलेला गस पोट धरून हसला. “अगं, बिचारा उद्यापर्यंत बसला असता की!”

इर्माला हसू आलं नाही.  तिनं बाकाचा आधार घेतला आणि तीस, बत्तीस, तीस, बत्तीस असं पुटपुटत राहिली. गसला वाटलं, हिला उन्हाचा त्रास होतोय.

त्याच महिन्यात बहिणीचा टोलेडोहून फोन आला की जुना हॉल पाडताहेत, यंत्रं दाराशी येऊन उभी आहेत. इर्मानं रजा मागितली नाही. तिनं कपाटातला शर्ट घेतला, टोपली घेतली आणि लांब पल्ल्याची बस पकडली. वाटेत तिला झोप लागली नाही. आपण पोचण्याआधी भिंती पडल्या तर नंबराची वाट बघत थांबलेल्या त्या पोरानं जायचं कुठं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ती पोचली तेव्हा भिंती उभ्या होत्या. राखणदार ओळखीचा निघाला. “लवकर बाहेर ये गं, बाई. आत करमत नाही,” एवढंच म्हणून त्यानं साखळी काढली. छतावरच्या फुटक्या काचांमधून दुपारचं ऊन आत आलं होतं. लाकडी जमीन टूसॉनला गेलेली, खाली उघडं सिमेंट. बसायच्या खुर्च्या मात्र जागेवर होत्या. मागं मुडपणाऱ्या, कुणी उठलं की आपोआप मिटणाऱ्या त्या खुर्च्या. त्या सगळ्याच्या सगळ्या उघड्या होत्या.

बॉल आपटल्याचा आवाज येत होता. सावकाश, एकाच जागी. आणि मध्येच बूट लाकडावर घासल्याचा आवाज, जिथं लाकूड नव्हतंच.

इर्मानं खोलीत जाऊन रिकाम्या कप्प्यात शर्ट अडकवला. मग नेहमीसारखी टोपली घेऊन दारात उभी राहिली. तीस म्हणाली. या खेपेला तिनं पुढचा आकडा गिळला नाही.

“एकतीस!” ती ओरडली. “एकतीस, पिकेट! मॅच संपली बाळा! शर्ट टाक आणि घरी जा!”

बॉल थांबला. पावलं जवळ आली, तिच्या बाजूनं आत गेली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. टोपलीत काहीतरी धप्पकन पडलं आणि टोपली हातात जड झाली. मग वरच्या रांगांमध्ये एक खुर्ची मिटल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग हॉलभर खुर्च्या फटाफट मिटत गेल्या, मॅच संपल्यावर गर्दी उठते तशा. जिन्यांवरून वारा उतरून तिच्या अंगावरून दाराकडे गेला. तिला जुन्या प्रेक्षकांच्या चिरुटांचा वास ओळखू आला, नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या मिसेस नॅगींचं लव्हेंडरचं अत्तरही, आणि त्या तर कधीच वारल्या होत्या. इतकी माणसं त्याच्यासोबत खोळंबली होती! इर्मा तिथंच खाली बसून मनसोक्त रडली.

टोपली कमरेवर घेऊन ती डॉर स्ट्रीटवर गेली. काय सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. ऑर्लीनबाईंनी दार उघडलं. त्यांचे हात पिठाचे होते आणि चेहरा वेगळाच दिसत होता.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “मागच्या दारानं आलाय. एका शब्दानं बोलला नाही, सरळ वर गेला. आंघोळ करतोय.”

वरच्या मजल्यावर पाणी पडत होतं. इर्मानं टोपलीतला ओला शर्ट काढून पुढं केला.

“आण इकडं,” ऑर्लीनबाई म्हणाल्या. “आता मी धुते.” त्यांनी शर्ट छातीशी धरला, जिन्याशी गेल्या आणि मान वर करून हाक मारली, “डेल्रॉय, टॉवेल दाराला लावलाय रे!”

वरचं पाणी बंद झालं.