साडभाऊंचा आशीर्वाद

माझ्या साडभाऊंइतका लोकशाहीवर विश्वास ठेवणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्या विश्वासाची एवढी शिक्षाही दुसऱ्या कोणाला झाली नसेल. दिघोरीच्या पलीकडे त्यांचं गाव. निवडून आलेला माणूस म्हणजे आपण ठेवलेला सालदार, हे त्यांचं साधं शास्त्र. पाडव्याला शेतावरच्या सालदाराचं साल संपतं, तेव्हा मालक त्याला केलेलं काम विचारतो; म्हणून दर पाडव्याला साडभाऊ धुतलेलं धोतर नेसून एस.टी.नं आमदारसाहेबांच्या बंगल्यावर जायचे आणि पायरीवर बसून निरोप धाडायचे, "सांगा, मालक आला आहे." आत हशा पिकायचा. चहा बाहेर यायचा, साहेब यायचे नाहीत. परतल्यावर मला फोन करायचे, "सालदार घरी नव्हता जी. कामावर गेला असन."

त्यांचं मागणं एकच होतं. गावाच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे फरशीचा पूल, ठेंगणा; दोन तास पाऊस लागला की पाणी वरून जातं आणि गाव अडकून पडतं. तिथे उंच पूल हवा होता. अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यावं लागायचं आणि दुसरा रस्ता नव्हता. पुलाचं भूमिपूजन तीनदा झालं. तिसऱ्यांदा नारळ फुटल्यावर साडभाऊंनी घरची कुदळ आणून साहेबांच्या हातात दिली. "पूजा झाली ना, आता खोदा." साहेबांचे कपडे पांढरे होते, त्यामुळे खोदणं राहिलं.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात साडभाऊ रपट्यावरच धरण्याला बसले. आधी स्वतः ठाण्यात जाऊन पोलिसांना रीतसर आमंत्रण देऊन आले आणि बंदोबस्ताला आलेल्या शिपायांना घरचं ताक पाजलं. सोबत गावची वीसेक माणसं. चौथ्या दिवशी साहेब आले, मागे फोटोवाले. साडभाऊ जाब विचारायला उठले, तोंड उघडलं, आणि साहेब सरळ त्यांच्या पायांवर वाकले. पाया पडणाऱ्याला रिकामं उठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हात आपोआप डोक्यावर गेला, तोंडून "सुखी राहा" निघालं, आणि धरणं तिथंच संपलं. आठवड्याभरात रपट्याजवळ भलामोठा फलक लागला. साहेबांच्या डोक्यावर साडभाऊंचा हात, खाली 'ज्येष्ठांचा आशीर्वाद'. पुलाबद्दल अक्षर नाही. सोबत बसलेलेच लोक आता म्हणू लागले, म्हातारा विकला गेला. मी चिडून विचारलं, "हात कायले ठेवला तुमी?"

"पाया पडला जी तो. हात नाही ठेवू त का थापड मारू?"

त्या उत्तराचा मला अजूनही राग येतो, आणि दुसरं काय करायला हवं होतं ते सांगताही येत नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. अक्काचा भंडाऱ्याचा दिवस होता. तिला ऑटोत बसवून साडभाऊ रपट्यापर्यंत गेले, पाणी पाहिलं आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली. पाणी दुपारी उतरलं.

तेरवीच्या दिवशी साहेब भेटायला आले. फोटोवाले सोबत नव्हते, एवढं मी कबूल करतो. सतरंजीवर बसलेल्या साडभाऊंपुढे ते वाकले, आणि साडभाऊंनी दोन्ही पाय धोतरात ओढून घेतले. साहेबांचे हात सतरंजीवर टेकले. मला वाटलं, आता विचारतील. खरं सांगतो, मी वाट पाहत होतो. साडभाऊंनी धोतर पायांवर आणखी ओढलं. साहेब उठले, हात जोडले आणि गेले.

गाडी गेल्यावर साडभाऊ मला म्हणाले, "घरी आलेल्या माणसापासून पाय वढून घेतले जी म्या. तुमची अक्का असती त रागावली असती."

ती खरंच रागावली असती.