पित्ताचंच असणार

येवल्याच्या एसटी स्टँडवर आप्पा खिडकीखाली उभे होते आणि मी आत बसून गाडी सुटायची वाट बघत होते. लॅब टेक्निशियनचा कोर्स संपला होता, नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. आप्पा पैठणी विणायचे. मागावरून उठून तसेच आले होते, शर्टाच्या बाहीला रेशमाचा एक तंतू चिकटलेला. मला वाटलं, बाप आहे, आता काहीतरी मोठं बोलेल. ते म्हणाले, "उपाशी नको राहू बरं का पोरी. पित्त व्हईल." गाडी हलली. मुलीला निरोप देताना पित्ताची आठवण काढणारा बाप जगात एकच असेल, असं वाटून मला हसू आलं. विंचूर येईपर्यंत रडूही आलं.

तुम्ही जे येवल्यात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखी बॅग भरून निघालात, तुम्हा दोघांनाही हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त. आप्पा आईवर ओरडले की तीही म्हणायची, "आज सकाळीच पित्त खवळलं का तुमचं?" आप्पांना तर ते कायमचंच होतं. पदरावरचा मोर अर्धा टाकून जेवायला उठायचं नाही, ही त्यांची शिस्त, आणि मोर काही जेवणाच्या वेळा बघून पुरा होत नाही. मग रोज सकाळी मोरीवर बसून कोमट मिठाचं पाणी प्यायचं, घशात बोटं घालायची आणि पित्त पाडायचं. गल्लीतल्या बऱ्याच घरांतून तो आवाज यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळे बाप असेच उठतात.

नाशिकला आल्यावर पोटाचे शब्द बदलले. अ‍ॅसिडिटी, आयबीएस, एच पायलोरी, एसजीपीटी. सिडकोतल्या माझ्या खोलीत मी ते शब्द आणले आणि फोनवरून येवल्याला पाठवायला लागले. "पित्त-बित्त काही नसतं आप्पा, अ‍ॅसिड असतं ते. घशात बोटं घालू नका, अन्ननलिका खराब होते." आप्पा "बरं" म्हणायचे. आई मागून म्हणायची, "इतकी वर्षं पाडलं, तेव्हा नाय खराब झाली ती?" आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काहीतरी यायचं, कधी धने-जिऱ्याचं पाणी, कधी दुधीचा रस, कधी उपाशीपोटी कोरफड. मी खाली लिहायचे, याला पुरावा नाही. पांढरा कोट घालत होते ना मी, मला वाटायचं पोटाची शेवटची सही माझीच.

मग एका दिवाळीनंतर आप्पांची भूक गेली. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. मागावर बसले की दम लागायचा. घरी सगळ्यांनी एकच म्हटलं, पित्ताचंच असणार. गावातल्या डॉक्टरांनाही आप्पांनी तेच सांगितलं, "पित्त झालंय," आणि डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली. ती कितीतरी आठवडे चालली. नंतर रक्त कमी निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या आल्या. डॉक्टर म्हणाले, शी काळी होईल, घाबरायचं नाही. त्याच सुमारास मामा त्र्यंबकेश्वराला गेला होता, त्याने तिथल्या एका दुकानातून काळं चूर्ण आणलं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, आत साठलेली घाण काळी होऊन पडेल. आप्पा भिडस्त माणूस. त्यांनी दोन्ही चालू ठेवलं, कुणालाच दुखवलं नाही.

आणि झालंही तसंच. आप्पा ते मला कसे सांगतील? त्यांनी आईला सांगितलं, आईने मला फोन केला. आवाजात आनंद होता तिच्या. "काळीकुट्ट होऊ राहिली गं, डांबरासारखी. चूर्णानं सगळी घाण निघू राहिली."

मी म्हटलं, "चूर्णाने नाही आई. लोहाच्या गोळ्यांनी होते तशी. नॉर्मल आहे."

"गोळ्यानं? गोळ्या तर आधीपासून चालू हायेत."

"मग आता अंगाला लागायला लागल्या."

आम्ही बराच वेळ भांडलो. कुणाच्या औषधाने काळी झाली, यावर भांडलो. श्रेय आपल्या बाजूला यावं म्हणून मायलेकी हमरीतुमरीवर आलो. ते रक्त असू शकतं, पोटात वरच्या बाजूला झिरपून खाली येईपर्यंत काळं पडलेलं रक्त, हे दोघींपैकी एकीच्याही तोंडात आलं नाही. आईला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. शीमध्ये रक्त आहे का, हे बघायची तपासणी मी लॅबमध्ये रोज करते, काही मिनिटांचं काम आहे. दिवसभर लोकांच्या बापांच्या डब्या मी तपासत होते आणि माझ्या बापाची फोनवर निकालात काढली. हे मी कितीदा लिहून खोडलं. आज ठेवते.

आप्पांचा जीव मात्र कशातच रमेना. त्यांच्या ओळखीच्या एका साडी-व्यापाऱ्याने त्यांना पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या वैद्यांचं नाव सांगितलं. आप्पांनी मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, "नाडी धरून काय कळतं आप्पा? एक काहीतरी धरा. आधी गोळ्यांचा कोर्स पुरा करा." त्यांनी माझं ऐकलं. उन्हाळा सुरू होईपर्यंत ऐकलं. मग साडी पोचवायला नाशिकला आले तेव्हा मला न सांगता वैद्यांकडे गेले आणि संध्याकाळी माझ्या दारात आले ते चोरी केल्यासारखं तोंड करून.

वैद्यांनी नाडी धरली होती. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबलं, आणि आजवर कुणीच नीट विचारलं नव्हतं ते विचारलं: काळी होते म्हणजे कशी होते, चिकट असते का, वास कसा येतो. औषध काहीच दिलं नाही. म्हणाले, "माझ्याकडे वेळ नका घालवू. उद्याच्या उद्या दुर्बीण घालून पोट बघून घ्या. आणि आधी का नाही आलात?" आप्पांनी त्यांना माझं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाले होते, "कामात होतो."

दुर्बीण झाली, तुकडा काढून तपासायला गेला, स्कॅन झालं. आजार पोटातून यकृतापर्यंत पोचला होता. मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, त्यांना मी दोष देत नाही. केमोचे काही डोस झाले, मग तेही आप्पांना झेपेनात. ते माझ्या खोलीवर राहिले, आई उशाशी. भेटायला येणारे गव्हांकुर घेऊन यायचे, गोमूत्र घेऊन यायचे, कुणाकुणाचे नंबर द्यायचे. मी सगळं घेऊन ठेवायचे. नको म्हणायची माझी लायकी उरली नव्हती.

एका दुपारी आई खाली भाजी आणायला गेली होती. आप्पांनी मला जवळ बसवलं. "पोरी, तू रोज हेच बघती. तुझ्या लॅबच्या भाषेत सांग, हे काय हाय?" सगळे शब्द मला येत होते. मी म्हटलं, "पित्तच आहे, आप्पा. जरा जास्त झालंय." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मंग ठीक." त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला खोटं बोलू दिलं. श्रावण लागायच्या आधी ते गेले.

तुमच्यातले काही मला विचारतात, मग खरं कोण, डॉक्टर की वैद्य? मला माहीत नाही. एका डॉक्टरांनी दुर्बीण सुचवली नाही, एका वैद्यांनी सुचवली. एका दुकानदाराने त्या रक्ताला साठलेली घाण म्हटलं आणि मी, शिकलेल्या बाईने, नॉर्मल म्हटलं. ज्याने विचारलं तो बरोबर निघाला, आणि विचारायचं काम माझं होतं. यातून शहाणपण निघत असेल तर तुम्ही काढून घ्या, माझ्या काही उपयोगाचं नाही.

आई आता येवल्यात माझ्या भावाकडे असते, आप्पांचा माग तोच चालवतो. मी रोज फोन करते आणि लॅबचा फॉर्म भरल्यासारखं विचारते: भूक कशी, वजन कसं, शी कशी. ती म्हणते, "मस्त हाय. तू जेवली का?" मागच्या महिन्यात न कळवता गेले. चहा करायला साखर शोधत होते, तर डाळीच्या डब्यामागे सकाळी घ्यायच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी आणि चूर्णाची पुडी सापडली. दोन्ही हातात घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. ती म्हणाली, "तुला सांगायचं म्हणजे तू भांडती. मला नाय सोसत आता."

गावाकडचं घर कसं आहे, असं इथले शेजारी विचारतात. छान आहे म्हणते. माणसं आहेत, माग चालू आहे. फक्त मी यायची असले की औषधं डब्यामागे जातात, आणि दुखतंय ते सगळे पोटात ठेवतात.