ठिपका नसलेल्या पुंगळ्या

काही माणसांची माया बोलण्यात नसते, हातांत असते. हॉलवर एंगेब्रेट्सन यांनी आपली माया चाळीस वर्षे काडतुसांत भरली.

माँटानातल्या आमच्या डोंगरगावात शरदात हरीण मिळाले तर हिवाळा सुखाचा जातो, आणि झाडलेली पितळी पुंगळी कोणी फेकून देत नाही. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवावी, बंदुकीची दारू तोलून ओतावी, वर गोळी दाबावी, की काडतूस पुन्हा उभे. यात पैसा वाचतो का, हा वाद दर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर रंगे.

“दुकानाच्या निम्म्यात पडतं,” हॉलवर सांगत.

“पडतं ना!” त्यांची पत्नी आग्नेस कप भरता भरता म्हणे. “वाचलं म्हणून दुप्पट झाडतोस. तुझ्या या बचतीत मी अजून समुद्र पाहिलेला नाही!”

सगळे हसत. सर्वांत मोठ्याने हॉलवर हसत. आग्नेस समुद्र न पाहताच गेली. त्यानंतर तो वाद कोणी काढला नाही.

गावाचा एक नियम मात्र कडक. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या बंदुकीत घालायचे नाही, सख्ख्या भावाचेसुद्धा नाही. कारण भरणाऱ्याची चूक झाडणाऱ्याच्या तोंडाशी फुटते. हॉलवरांच्या घरी या नियमाला एकच अपवाद होता. मुलगी मार्गिट बाराव्या वर्षापासून वडिलांचीच काडतुसे झाडी. चाळिशी उलटेपर्यंत तिने दुसरी हाती धरली नाहीत. म्हाताऱ्याला याहून मोठा मान ठाऊक नव्हता. देवापुढे जेवणाआधी डोके झुकवताना ते भाकरीसाठी आभार मानत, आणि मग हळूच म्हणत, “आणि पोरीच्या विश्वासासाठी.”

त्या सप्टेंबरात मार्गिटने सरावातल्या रिकाम्या पुंगळ्यांचा डबा नेहमीप्रमाणे आणून मेजावर ओतला. हॉलवरांनी एक उचलली. दुसरी उचलली. दर भरणीला ते बुडाशी शाईचा एक ठिपका देत. त्यांच्या पुंगळ्यांवर पाच-पाच, सहा-सहा ठिपके असत. या लखलखीत होत्या. एकीवरही ठिपका नव्हता.

“दुकानची काडतुसं?” ते हसले. “अगं, माझ्या घरात राहून खानावळीत जेवतेस की काय?”

“मैदानावर पडलेली उचलली, बाबा. तुम्हाला पितळ हवं असतं म्हणून.”

“तीसच्या तीस एकाच दुकानची? पोरी, खोटं बोलायला तुझ्या आईकडून शिकायला हवं होतंस.”

मार्गिटने हातातला डबा खाली ठेवला. मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

“मागच्या साली, बाबा. चाप ओढला तर नुसतं टक् झालं. त्यात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी नळीत जाऊन अडकली. मी तशीच दुसरी झाडली असती तर नळी माझ्या तोंडावर…”

“सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू? तुम्ही दररोज विचारता, आई कुठं गेली म्हणून. त्यात हे कसं सांगू?”

हॉलवरांनी वाद घातला नाही. फळीवरचे भरलेले दोनशे नग उतरवले, आणि दोघे ते उलगडून तपासायला बसले. हातोडीसारख्या, लाकडी दांड्याच्या साधनात काडतूस अडकवायचे, ओंडक्यावर ठोकायचे, गोळी सुटली की दारू तोलायची. ठोक आणि तोल, ठोक आणि तोल. एकशे चाळीस बरोबर निघाली. मग एक रिकामे. मग पुन्हा बरोबर. आणि मग एक असे, की तराजूचा काटा वर गेला आणि खाली येईना. दुप्पट दारू. हॉलवरांनी ती पुन्हा तोलली. तिसऱ्यांदा तोलली. मग लेकीचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला, डोळे, भुवया, गाल अंगठ्याने चाचपले, जणू काही फुटून गेले आहे का ते पाहत होते. आणि हा एवढा मोठा गडी ओक्साबोक्शी रडला.

“आपण मिळून भरू, बाबा,” मार्गिट म्हणाली. “मी तोलेन, तुम्ही यंत्राचा दांडा ओढा.”

“तू तोलशील गं. पण तू तोललंस हे मला आठवेल का? मी परत ओतीन.”

त्यांनीच पाना मागितला. मेजावर बसवलेल्या काडतुसे भरण्याच्या यंत्राचे चारही नट स्वतः सोडवले.

सुटलेली दारू आमच्याकडे बागेत टाकतात, झाडांना ती खतासारखी लागते. संध्याकाळचे ऊन होते. हॉलवर वाडगा घेऊन आग्नेसने लावलेल्या आंबट फळांच्या झुडपांत उतरले. वाकून, चिमटीने, प्रत्येक बुंध्याशी मापाने टाकत ओळीच्या टोकाला पोहोचले. क्षणभर उभे राहिले. मग वळून पहिल्या झुडपाशी आले आणि त्याच काळजीने, त्याच मापाने, पुन्हा टाकू लागले.

मार्गिट पायरीवर उभी होती. तिने त्यांना थांबवले नाही.