खुंटी कुणाच्या उंचीची

किल्लीमामांच्या हाताखालून गेलेली किल्ली कधी अडली नाही, असा त्यांचा लौकिक. पण आज त्यांच्याच कुलपांच्या कारखान्यात त्यांना पाहुण्यासारखं आणून बसवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी गोदामातली लोखंडी मांडणी पाठीवर कोसळली आणि मामांचे पाय गेले. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं, असा कायदा आहे. मॅनेजर मोठा हुशार. त्याने कायद्याचं अर्धंच वाक्य पाळलं. "मामा, आता आराम करा, पगार घरी येईल," म्हणाला. लोक म्हणाले, नशीब काढलं! मामा मात्र दर महिन्याला धास्तावायचे. काम नसलेला माणूस एक दिवस कुणाच्या तरी लक्षातून जाणारच, आणि मग पगारही. रिकाम्या हातांना चैन पडेना, म्हणून घरातले कड्या-कोयंडे त्यांनी इतक्या वेळा घासले, की मामी म्हणाल्या, "आता माझ्या बांगड्याच तेवढ्या उरल्यात."

काल मॅनेजरचा फोन आला. सरकारी तपासणी होती. "दोन तास येऊन बसा. रोज येतो म्हणून सांगा, बास."

निघताना मामींनी चाकाच्या खुर्चीचा दांडा सोडलाच नाही. "अहो, उगाच शहाणपणा करू नका. पगार बंद झाला तर खायचं काय आपण?"

कारखान्यात जय्यत तयारी होती. दारात नवा उतार, त्याचं सिमेंट अजून ओलं. कोपऱ्यात टेबल, त्यावर पकड आणि तीन कानशी. भिंतीवरच्या खुंटीला मामांच्या नावाचा परीटघडीचा एप्रन. कालपर्यंत 'तो पांगळा' म्हणणारा मॅनेजर तपासणीच्या बाईंना 'आमचे दिव्यांग सहकारी' अशी ओळख करून देत होता.

"रोज काय काम करता, मामा?" बाईंनी विचारलं.

"किल्ल्या जुळवतो," मामा म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं, वळल्या, आणि भिंतीकडे बघत थांबल्या. खुंटी उभ्या माणसाच्या डोक्याइतकी उंच होती.

"हा एप्रन रोज तुम्हीच अडकवता?"

मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला. उतार बांधला, टेबल आणलं, पण खुंटी ठोकणारा नेहमीसारखा उभ्यानेच ठोकून गेला होता. मामांच्या जिभेवर उत्तर तयार होतं: शिपाई देतो काढून. एवढं म्हटलं की बाई जाणार आणि आपण पुन्हा घरी, कड्या घासत. नाही म्हटलं तर पगारही हातचा जायचा. त्यांनी चाकं घट्ट धरली.

"नाही मॅडम. मी आज दोन वर्षांनी येतोय." आवाज आपला वाटेना. "मला घरी बसवलंय. मला काम हवंय."

"काम देणं त्यांना भागच आहे. तसं लेखी देते मी. उद्यापासून या," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मॅनेजर मामांच्या कानाशी वाकला. "मामा, फार महागात पडेल हे." आणि हसला. त्या हसण्याचीच मामांना जास्त भीती वाटली.

घरी ऐकून मामी मटकन खाली बसल्या. सकाळी मात्र त्यांनी मामांच्या मांडीवर डबा ठेवला.

फाटकावरच्या रखवालदाराने मामांकडे बराच वेळ बघितलं. मग त्याने फाटक उघडलं.

आत टेबल होतं. एप्रन तसाच वर लटकत होता. सगळे माना खाली घालून कामात. मामांनी पिशवीतून हातोडी आणि खिळा काढला, भिंतीशी खुर्ची नेली आणि आपल्या खांद्याच्या उंचीला खिळा धरला. पहिला घाव बोटावर बसला. दुसऱ्या घावाला पाठीमागे मॅनेजरचे बूट वाजले आणि थांबले. आता ओरडणार, आता हाकलणार. मामांची मानसुद्धा वळेना. डोळे खिळ्यावर ठेवून ते ठोकत राहिले.

खिळा पक्का बसला. मामांनी शेजारच्या कारागिराला हाक मारली.

"बाबा रे, तो एप्रन एवढा एकदाच काढून दे."