आबांची फरशी

अख्ख्या शिरूर तालुक्यात समुद्राची धास्ती घेतलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा घरमालक आहे. आमच्या निमोणे गावाहून समुद्र गाठायचा तर घाट उतरून अख्खा दिवस घालवावा लागतो. पण आबांना विचाराल तर तो गावच्या वेशीपर्यंत आलेलाच आहे. आबांनी उमेदीची तीस वर्षं कोकणात, समुद्रकाठच्या एका बंगल्याची राखण करण्यात घालवली. बंगल्यापुढे मोठी फरशी होती. वरून ऊन, समोरून खारा वारा आणि पावसाळ्यात शेवाळ, अशा तीन शत्रूंशी आबा तिथे लढले. मग गावी परतले, घरापुढच्या अंगणात शहाबादी फरशी घातली आणि तीच लढाई इथे पुढे चालू ठेवली. तीन शत्रूंपैकी इथे फक्त ऊन हजर होतं, पण एवढ्याने ते खचले नाहीत. दर आठ दिवसांनी ते फरशीवरचं मीठ धुतात. मी एकदा म्हणालो, "आबा, इथं कुठलं आलंय मीठ?" त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वारं कुठनं येतं, ते हाय का तुम्हाला ठाऊक?" मला ठाऊक नव्हतं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मालात खोट निघाली की ती कुठून आली आणि कुणामुळे आली हे शोधून काढणं माझं काम. वाऱ्याची तक्रार आमच्याकडे येत नाही.

फरशीचे नियम मला भाडेकरार होण्याआधी सांगण्यात आले. पहाटे खराटा, मग केरसुणी, मग रिठ्याचं पाणी आणि काथ्याचा ब्रश, हा क्रम मोडायचा नाही. उन्हं वर आल्यावर पाण्याचा थेंब सांडायचा नाही, कारण तापल्या फरशीवर गार पाणी पडलं तर "तिला बाधतं". चपला पायरीखाली. हा शेवटचा नियम सगळ्यांना सारखा. निवडणुकीत एक उमेदवार लवाजम्यासह मत मागायला आले, ते भर वैशाखात दुपारी एक वाजता. आबांनी हात जोडून त्यांना बूट काढायला लावले. उमेदवार फरशीवर उभे राहिले, "बंधूंनो" म्हणाले, डावा पाय उचलला, उजवा उचलला आणि विकासाचा मुद्दा येण्याआधीच पायरीखाली उतरले. "मानूस मुद्द्याचं बोलला," असं आबांनी नंतर चारचौघांत सांगितलं आणि मत त्यांनाच दिलं.

पण या फरशीचा खरा थाट उन्हाळ्यात. गल्लीतल्या सात घरांचं वाळवण आबांच्या अंगणात पडायचं. रोज दुपारी आबा उघडा तळहात फरशीवर टेकवायचे आणि मोजायचे. पाचपर्यंत टिकाव लागला तर दुसऱ्या दिवशी सांडगे, त्याआधी हात उचलावा लागला तर उठून गल्लीकडे तोंड करून ओरडायचे, "कुरडया!" की घरोघरी गव्हाचा चीक शिजवायची तयारी सुरू. गिरणीवाल्या काकू, ज्यांच्यापुढे गल्लीतले पुरुष आवाज चढवत नाहीत, त्यासुद्धा आबांच्या हाकेशिवाय चिकाचं पातेलं चुलीवर चढवायच्या नाहीत. आबांनी बाकी आयुष्यात काय मिळवलं मला माहीत नाही. सात घरांचं वर्षाचं खाणं आपल्या फरशीवर विश्वासाने पडतं, याचा मात्र त्यांना मनापासून अभिमान होता. आणि तो मी घालवला.

झालं असं, की ऐन वाळवणात आबांना भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस यवतला जावं लागलं. निघण्याआधी त्यांनी फरशीवर हात टेकवून दुसऱ्या दिवसाची "कुरडया!" अशी हाक दिली आणि मग मला बोलावलं. "फरशी तुमच्या हवाली. दुसऱ्या कुणाला म्हनलो नसतो." मी मान डोलावली. एस.टी. वळणाआड जाते न जाते तोच मी माझी मोटारसायकल सावलीसाठी पायरी चढवून अंगणात लावली. संध्याकाळी पाहतो तो तिच्याखाली ऑइलचं हे एवढं थारोळं. रिठ्याचं पाणी आणि ब्रश घेऊन घासत बसलो असतो तर ते निघालं असतं. पण मी पडलो कारखान्यातला शहाणा. हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडचा कॅन आणला आणि बेताने टाकायचं सोडून भडाभडा ओतला. फरशी फसफसली. ऑइल गेलं, त्याबरोबर फरशीचा गुळगुळीतपणाही गेला आणि तिथे परातीएवढा पांढराफटक डाग उरला. चार बादल्या पाणी मारलं, तेही अंधार पडायच्या घाईत. सांध्यांत काय मुरलं असेल याचा विचारच केला नाही.

सकाळी कामावर निघालो तेव्हा बायका फरशीवर धुतलेली धोतरं अंथरत होत्या. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मग का थांबा, हेही सांगावं लागलं असतं. मला उशीर होत होता. मी गेलो.

संध्याकाळी परतलो तर अंगणात सातही घरं गोळा झालेली. कुरडया खालून पिवळ्या पडल्या होत्या, वास मारत होत्या आणि धोतरं उचलताना पापडासारखी तुटत होती. त्यातच आबा यवतहून आले, हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. गिरणीवाल्या काकूंनी फाटकं धोतर त्यांच्यापुढे धरलं. "आबा, काय टाकलंय फरशीवं? वर्साच्या कुरडया गेल्या की वो!" मी माझ्या दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. आबा वाकले. डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग त्यांनी माझ्या मोटारसायकलकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "जाताना नवीन औषध टाकून गेलो. मला काय ठावं, असं हुईल."

मी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. त्या कपाची आठवण आजही मला नकोशी होते.

पुढच्या उन्हाळ्यात वाळवण गिरणीवाल्या काकूंच्या नव्या गच्चीवर गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. नुसतं कुणी आलं नाही. आबांचा खराटा, केरसुणी, रिठ्याचं पाणी सगळं पूर्वीसारखंच चालू. दुपारी ते फरशीवर हात टेकवायचे, चार मोजून उचलायचे, उठून गल्लीकडे तोंड करायचे आणि ओरडायचे, "कुरडया!" गल्लीत एक दार वाजत नसे. आबा थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि मग हात धोतराला पुसून आत जायचे. हे मी सुट्टीच्या आठ रविवारी पाहिलं. नवव्या सुट्टीला गिरणीत गेलो आणि पट्ट्याच्या आवाजात ओरडून सगळं सांगून टाकलं, त्यामुळे दळणाला आलेल्या चार जणांनीही ते ऐकलं. काकूंनी गिरणी बंद केली. "आन् म्हाताऱ्याला सगळं अंगावर घेऊ दिलंत?" मग पिठाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "आबांना सांगा, आमच्या मनात काय न्हाई. पर आता गच्चीचीच सवय झाली. तिथं कुत्रं-मांजर येत न्हाई."

आबांना मी तसंच सांगितलं. ते केरसुणी बांधत होते. "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?" मी विचारलं. माझ्या कारखान्यात खोटीचं मूळ शोधायला आम्ही तीन-तीन मिटिंगा घेतो. आबांनी मान वर न करता एका दमात सांगितलं, "फरशी तुमच्या हवाली कुनी केली? म्याच न्हवं? मंग चूक कुनाची?"

तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी त्यांच्याबरोबर फरशी धुतो, मीठसुद्धा. दुपारी ते हाक देतात आणि आम्ही दोघं गल्लीकडे बघत बसतो. धुताना माझा ब्रश नकळत त्या पांढऱ्या डागाकडे जातो आणि मी खांदे दुखेपर्यंत तिथेच घासत राहतो. गेल्या रविवारी आबांनी माझ्यापुढची बादली उचलून नेली.

"तिथलं काय निघायचं न्हाई आता," ते म्हणाले. "हिकडं या, पायरीकडचं ऱ्हायलंय."