मफलरखालचा डोळा

आमच्या घरात वाऱ्याची भीती फार, आणि ती माझ्याचमुळे. बाळंतीण असो की टाके घातलेला माणूस, कान-डोकं बांधल्याशिवाय मी कुणाला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही.

नवरा एसटीत ड्रायव्हर. नाकात मांस वाढलेलं, म्हणून नांदेडला दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, नाक आणि डोळ्यामधलं हाड कागदाएवढं पातळ असतं, क्वचित डोळ्यामागं रक्त साचतं. डोळा दुखला, सुजला तर ताबडतोब या, तासाभराच्या उशिरानंही नजर जाते. मी मान डोलावली. क्वचित म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी, असंच आपण धरून चालतो.

भाड्याच्या गाडीत मी त्यांचं डोकं मफलरनं गुंडाळलं. डोळेही झाकले, वरून शाल. मुखेडकडं, घरी निघालो. शहर संपतं तिथल्या पेट्रोल पंपापाशी त्यांना शिंक आली. लोकाची गाडी घाण नको, म्हणून त्यांनी नाक चिमटीत धरून ती आतच जिरवली.

लगेच म्हणाले, "डोळ्यात लई दाटून राहिलंय."

"गप पडा. वारं लागलं तर जन्मभर ठणकंल."

"जरा सोड की गं."

नाही सोडलं. साध्या तापातही घर डोक्यावर घेणारा माणूस. मला राग आला, थोडं हसूही आलं.

तासाभरानं कंधारला चहासाठी थांबलो तेव्हा मफलर काढला. उजवा डोळा बाहेर आलेला, दगडासारखा टणक. मी पापणी वर केली.

"काय दिसतंय?"

"काहीच न्हाई."

तसेच नांदेडला मागं फिरलो. रस्ताभर मी गाडीवाल्याला बोलले, आडव्या आलेल्या म्हशींना बोलले. स्वतःला बोलायची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्याला छेद देऊन आतला दाब मोकळा केला. मग विचारलं, "केव्हापासून दुखत होतं?"

मी हातातला मफलर पिशवीत कोंबला. खाटेवरून तेच म्हणाले, "आत्ताच सायेब. कंधारला गेल्यावर."

डोळा गेला. स्टिअरिंगही गेलं, आता डेपोत बसून हलकं काम करतात. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. लेक, सासूबाई, शेजारपाजार, सगळे सांगतात की कंधारला गेल्यावर दुखायला लागलं. मीही तसंच सांगते.