जॉर्जिनाची गाडी

पॉलबद्दल सगळं गाव चांगलंच बोलतं, त्यामुळे वाईट बोलायचं काम माझ्याकडे आलंय. मी त्याची बायको सेलेस्टीन. माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नाही.

पॉल सुतार आहे. चेंदणीच्या खाडीवर होड्यांना फळ्या बसवतो, टेंभी नाक्याकडे कुणाची दारं, कुणाचे पाळणे करून देतो. दारू बेतानं, तोंडात शिवी नाही, रविवारी चर्चला सगळ्यांच्या आधी. बायका मला म्हणायच्या, "तुझं नशीब बाय." मी "हो ना" म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. कारण आमच्या गोठ्यात म्हशीच्या जागी जॉर्जिनाची गाडी उभी होती.

गाडी म्हणजे पायगाडी. हल्ली मुंबईत रबरी चाकांच्या फिरतात, तसली नव्हे. ही त्यांच्या आधीची. बैलगाडीला असतात तशी पण लहान दोन लाकडी चाकं, त्यांवर धाव, म्हणजे लोखंडाची गोल पट्टी, मधे लोखंडी दांडा, त्यावर बसायचं आणि पुढच्याच चाकाला पाय मारायचे. बसणाऱ्याचं एकेक हाड खिळखिळं व्हायचं. जॉर्जिनाच्या बापसानं ती एका परत निघालेल्या साहेबाच्या लिलावात घेतलेली. तो कचेरीत कारकून, त्याला दारात साहेबाची वस्तू हवी होती. एकदा बसला, पडला, परत बसला नाही. गाडी पडवीत गेली आणि मिठागरांवरचा वारा खाऊन गंजली.

त्या जॉर्जिनाशी पॉलचं लग्न ठरलेलं. साखरपुडासुद्धा झालेला. मग एडनला कोळशाच्या वखारीत नोकरी करणारा एक जण सुट्टीवर आला आणि जॉर्जिना त्याच्याशी लग्न करून बोटीत बसून गेली. तिच्या बापसानं पॉलला ही गाडी देऊन टाकली. पॉलनं ती भर बाजारातून ढकलत घरी आणली. बघणारे म्हणाले, बिचारा, पोर गेली, तिची आठवण घेऊन चालला.

हे सगळं मला शेजारच्या बायजानं सांगितलं, मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. सांगताना तिनं पदरानं डोळेही पुसले. तिचं काय जातंय.

माझं माहेर कल्याणचं. बापूस रेल्वेच्या कामावर लोहार. आम्ही दोघी बहिणी, थोरली ऑड्री आणि मी. ऑड्री गोरीपान, केस कमरेखाली. आमच्या घरी कुणीही आलं की आधी तिच्याकडे बघायचं आणि मग मला पाणी आणायला सांगायचं. पॉल आला तेव्हा काय झालं ते ऑड्री प्रत्येक सणाला, प्रत्येक बाप्तिस्म्याला सांगायची. "आधी मलाच विचारलेलं. मी म्हटलं, सुताराच्या घरी कोण जातं? ते त्याला लागलं. वर्षभर फिरकला नाही. माझं लग्न झालं तेव्हा कुठे हिच्याकडे वळला." असं म्हणून माझ्या गालाला हात लावायची. म्हणजे एकीनं सोडलेला, दुसरीनं नाकारलेला, आणि मग मी.

माझ्या बाजूनं एकच गोष्ट होती. पॉलनं माझ्या बापसाकडे दागिना मागितला नाही की पैसा मागितला नाही. आमच्या अंगणात एक जुनी ऐरण होती आणि तिच्या बाजूला भाता. "एवढं दिलंत तर पुरे," म्हणाला. ऑड्री लग्नात मोत्यांची कुडी घालून सासरी गेली, माझ्यामागून बैलगाडीत ऐरण आली. लोक हसले. मी मान खाली घातली नाही. निदान हा माणूस लोभी नाही, माझ्यासाठी आला, दागिन्यासाठी नाही, एवढं मी धरून ठेवलेलं. बाकी धरायला होतं काय?

लग्न झालं आणि म्हैस विकली. गोठा सारवून, भिंतीत खिडकी पाडून त्यानं तिथे गाडी आणली. एका चाकाचे आरे कुजलेले, ते बाभळीचे नवे केले. गंज काढायला विटेची पूड आणि घासलेट. लाकूड त्याचं जन्माचं, लोखंड मात्र त्याला ऐकेना. धाव तापवायची, ठोकायची, बेताची करायची, लाल असतानाच चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. जरा गार पडली तर चढत नाही, जास्त तापली तर लाकूड जळतं. भाता मी ओढायचे. माझ्याच बापसाची ऐरण, माझाच हात आणि गाडी तिची. धुरानं डोळ्यांत पाणी यायचं, ते बरंच होतं, कुणी काही विचारत नसे.

गाडी चालायला लागली तरी काम संपलं नाही. खाडीचा वारा लोखंडाला सोडतो होय? दर शनिवारी ती खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, परत जोडायची. खोबरेल थंडीत थिजायचं, म्हणून यानं होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल लावलं. मग पॉल गाडीवर बसून मासुंदा तलावाकडे निघाला की मागून टेंभी नाक्यापासूनची सगळी मांजरं. लोकांना मजा वाटायची. मला वाटायचं, मांजरांना कळतंय ते या माणसाला कळत नाही, घरात कोण उपाशी आहे ते.

त्या दांड्यावरून असा हात फिरवायचा की बघवत नसे. माझ्या पाठीवरून तसा फिरवला असता तर काय झिजला असता? आणि जॉर्जिनाचं नाव एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते, पोटातलं बाहेर पडलं असतं. पोरं झाली, मोठी झाली, कामाला लागली. माझा जळफळाट होता तिथेच होता. मला एवढंच कळायला हवं होतं, हा माणूस माझा आहे की नाही.

यंदा नाताळानंतर बायजा धावत आली. जॉर्जिनाचा नवरा वारला होता आणि ती एडनहून कायमची परत आली होती. त्या दिवशी मी बराच विचार केला. जॉर्जिना गाडी मागणार. पॉलनं दिली तर इतकी वर्षं तिच्यासाठीच राखलेली. नाही दिली तर तिच्या आठवणीसाठीच ठेवायची आहे. दोन्हीकडून मीच मरणार. म्हणून ठरवलं, पॉल खाडीवर असतानाच तिला बोलवायचं आणि मीच गाडी तिच्या हवाली करायची. काय व्हायचं ते होऊ दे.

मी ठेवणीतलं लुगडं नेसले, सणाला करतो ते मैद्याचे गोड फुगे तळले. ती आली. मी इतकी वर्षं जिच्यावर जळत होते ती चांगली लठ्ठ झालेली, पायऱ्या चढताना धापा टाकत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तिला सरळ गोठ्यात नेलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही अजून आहे?"

"ने," मी म्हटलं. "तुझीच आहे. इतकी वर्षं पॉल तुझ्यासाठीच पुसतोय."

"माझ्यासाठी?" ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तशी ती तिथल्या ओंडक्यावर बसली. "बाय, साखरपुडा झाल्यावर तो रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचा. मी नवं लुगडं नेसून, केसांत फूल घालून दारात उभी. हा माझ्या बाजूनं पडवीत जायचा आणि गाडीपाशी गुडघे टेकून बसायचा. मला म्हणाला ते एकच आठवतं. जॉर्जिना, घरात घासलेट आहे का? मी काय करणार? एडनवाला निदान माझ्याकडे बघत होता. लग्न मोडलं तेव्हा बापूस माफी मागायला याच्या घरी गेलेला. घाबरत घाबरत गेलेला बिचारा. तर पॉल म्हणाला, असू दे, होतं असं. मग गाडीचं काय?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"ही ऐरण कुठली?"

"माझ्या बापसाची. लग्नात दिलेली."

"कुणी मागितलेली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली. मग फुगे खाल्ले, चांगले झालेत म्हणाली आणि गेली. गाडी नेली नाही.

मी गोठ्यातच उभी राहिले. नको त्या बाईवर जळण्यात माझी सगळी उमर गेली. आणि जी एक गोष्ट उराशी धरून बसलेले, तीही गेली. जॉर्जिनाकडे गाडी होती म्हणून जॉर्जिना. माझ्याकडे ऐरण होती म्हणून मी. लोभी नाही म्हणे.

दुपारी पॉल आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. मी भात वाढला, कालवण वाढलं आणि समोर उभी राहिले.

"ऐरण नसती तर तू कल्याणला आला असतास?"

त्यानं विचार केला. खोटं त्याला येत नाही, तेही गाव कौतुकानं सांगतं. तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नसतो आलो," म्हणाला.

मी आत जायला वळले.

"पण ऐरण काय, कुणाबरोबरही आली असती," तो म्हणाला. "तुझ्या बापसानं थोरलीच दाखवलेली. म्हणाला, ऑड्रीला कर आणि ऐरण उद्याच ने. मी म्हटलं, ती नको, धाकटी द्या. तो रागावला. थोरली घरात असताना धाकटी कशी देऊ म्हणाला. मग थांबलो. तिचं लग्न होईपर्यंत पुरं वर्ष गेलं. गाडी नुसती पडून."

"का?" मी मागे वळले. "धाकटी का?"

"तुम्ही दोघी आळीपाळीनं भाता ओढत होतात. ऑड्री ओढायची तर आग एकदा भडकायची, एकदा बसायची. तुझा हात एकसारखा. लोखंड सगळीकडून एका रंगाचं तापत होतं." त्यानं ताट पुढे केलं. "थोडं कालवण वाढ."

चेहरा नाही, केस नाहीत, स्वभावही नाही. हात, आणि तोही भात्यावरचा. दुसरी कुणी असती तर ताट उचलून अंगणात फेकलं असतं. मीही फेकलं असतं. पण माझ्या कानात एकच घुमत होतं, ती नको, धाकटी द्या. मी त्याला कालवण वाढलं, वर माझ्या वाटणीची तुकडीही घातली. गाडीवरचा राग मात्र गेला असं कुणी समजू नये. आता तर मला नेमकं माहीत आहे, रागवायचं ते जॉर्जिनावर नाही, गाडीवरच.

त्या रविवारी मी ऑड्रीला जेवायला बोलावलं. ती मोत्यांची कुडी घालून आली, पॉलला बघून माझ्या गालाला हात लावला. जेवणं झाल्यावर पॉल मागच्या चाकाची धाव तापवायला बसला, तेव्हा म्हटलं, "ऑड्री, मला भांडी आहेत. जरा तू ओढ भाता."

मी न्हाणीच्या दगडावर भांडी घेऊन बसले. तिथून गोठा सरळ दिसतो. आग भडकली, बसली, परत भडकली. पॉल चिमट्यात लोखंड धरून बघत राहिला, मग ते बाजूला ठेवलं.

"तुला नाही जमत," तो ऑड्रीला म्हणाला. "तेव्हाही जमत नव्हतं." आणि मला हाक मारली.

मला ऐकू आलं. मी ताट घासत राहिले. त्यानं आणखी एकदा हाक मारली, मग आणखी एकदा मोठ्यानं, तेव्हा मी हात पुसले आणि उठले.